एकवीरा टीव्ही गेम, मॉडेल पहिलं

१२ ऑगस्ट १९८४, रविवार

काल नारळी पुनव झाली. धाकूने होडीला नवा रंग लावलाय, निळा आणि पिवळा. बापूस गेल्यापासून होडी धाकूच चालवतो. मी थोरला, पण मी शिकलो. रेडिओ-टीव्हीचा डिप्लोमा केला, मानपाड्याला टीव्हीच्या कंपनीत टेस्टिंगला लागलो. आख्ख्या कोपरमध्ये खिशाला टेस्टर लावून फिरणारा मी एकटा.

काल नारळ पाण्यात पडताना निश्चय केला, तो इथे लिहून ठेवतो. गेल्या आठवड्यात कंपनीच्या साहेबांच्या बंगल्यावर बिघडलेला टीव्ही बघायला गेलेलो. तिथे मुलांसाठी फॉरेनहून आणलेला टीव्ही गेम होता. पडद्यावर दोन काठ्या आणि एक ठिपका. बटण फिरवून काठी वरखाली करायची, ठिपका परतवायचा. बाईसाहेब चहा सांगायला आत गेल्या तेवढ्यात खोलून बघितला. आत एकच चिप, बाकी सगळी हवा. एवढ्यासाठी आपण फॉरेनच्या तोंडाकडे बघतो. हा डबा मी बनवणार.

१९ ऑगस्ट १९८४

धाकूला सांगितलं, मला भरवशाचा माणूस पाहिजे. एक सीझन होडी वर ओढ, पुढच्या पुनवेला परत पाण्यात घालू. शब्द दिला. तो म्हणाला, खाडीत आपल्या जाळ्याची जागा ठरलेली आहे, ती रिकामी दिसली की दुसरा कोणी तिथे खुंट ठोकतो. मी म्हटलं जागा काय पळून जातेय. त्याची बायको मालन मध्ये बोलायला लागली, पण बायकांना इलेक्ट्रॉनिक्स कळत नाही. (माझी बायको सुमती शाळेत विज्ञान शिकवते. तिलाही नाही.)

धाकू शेवटी हो म्हणाला. तो मला कधी नाही म्हणत नाही. लहानपणापासून.

२ सप्टेंबर १९८४

होडी वर ओढली. चार माणसं लागली. माझी कंबर धरल्यामुळे मी दिशा दाखवली.

१४ जानेवारी १९८५

कंपनीत राजीनामा दिला. साहेबांनी वाचला आणि लगेच सही केली. थांबवण्याचा प्रयत्नही नाही. म्हणजे माझ्या योजनेची कुणकुण लागलेली दिसते.

३ मार्च १९८५

आज मोठं काम. मानपाड्याच्या एका टूलरूममध्ये डबा पाडायचा पोलादी साचा, म्हणजे डाय, करायला टाकली. आकार मी काढला. होडीसारखा: पुढे निमुळता, मागे रुंद, दोन अंगांना फिरवायच्या बटणांची दोन भोकं.

टूलरूमवाला म्हणाला, आतलं सामान उद्या वेगळं आलं तर? डाय बदलता येत नाही हो, आत्ताच थोडी मोठी धरा. त्याला समजावलं. आमच्यात होडीचा सांगाडा एकदा बसला की बसला. फळी सडली की फळी बदलायची, फटीत कापूस भरायचा, तेल चोपडायचं. सांगाडा नातवापर्यंत जातो. तसाच हा डबा कायमचा. आतलं काय बदलायचं ते बदलू. आणि इलेक्ट्रॉनिक्स तर दिवसेंदिवस लहानच होत चाललंय. तो गप्प बसला. मुद्देसूद बोललं की लोक गप्प बसतात.

१७ मार्च १९८५

नाव ठरलं. एकवीरा टीव्ही गेम. सुमतीचं म्हणणं, देवीचं नाव जमिनीवर पडणाऱ्या डब्यावर कशाला, पोरांचे पाय लागतील. डब्यावर सूचना छापणार: टेबलावर ठेवूनच खेळावे.

३० ऑगस्ट १९८५

पुनव. होडी अजून वरच आहे. चिप यायच्यात. धाकू सकाळी खाडीवर जाऊन आला, नारळ दुसऱ्याच्या होडीतून वाहिला. आमच्या जागेवर कोणीतरी खुंट ठोकलेत म्हणाला. तात्पुरते असणार. पुढच्या पुनवेला नक्की.

९ फेब्रुवारी १९८६

डाय आली. पडवीत हाताने ओढायचं मोल्डिंग मशीन बसवलं. धाकू प्लास्टिकचे दाणे तापवतो, डायमधून डबा काढतो. मी हँडल ओढतो. पहिला डबा बाहेर आला तेव्हा धाकूने तो उलटा धरून तळ बघितला, पाणी शिरेल का बघतात तसा. मला भरून आलं. बापूस असता तर त्यालाही बरं वाटलं असतं.

२२ जून १९८६

गेम चालू झाला. एक अडचण: ठिपका कधीकधी काठीतून आरपार जातो. दोन्ही खेळाडूंचा जातो, त्यामुळे अन्याय कोणावरच होत नाही. माहितीपत्रकात ‘अवघड पातळी’ असं लिहिलं.

१९ ऑगस्ट १९८६

पुनव. माल दुकानांत पोचवायच्या घाईत होडीचं राहिलं. धाकूला म्हटलं, धंदा उभा राहतोय, अशा वेळी माणसाने पाण्याकडे बघू नये. तो पाण्याकडेच बघत होता. खाडीचं पाणी हल्ली काळं येतं, मासळीही कमी. मी त्याला वेळेत बाहेर काढलं. हे तो एक दिवस कबूल करेल.

११ जानेवारी १९८७

कल्याणच्या दुकानदाराने सगळे डबे परत केले. म्हणाला, काठी-ठिपका आता कोण घेतो? त्याने फॉरेनचं मशीन दाखवलं, अटारी. डब्यात खाच असते, तिच्यात कॅसेट खोचायची. कॅसेट बदलली की गेम बदलतो. विमानं, रणगाडे, भुतं. आमच्यात एकच गेम, तोही चिपमध्येच कोरलेला, जन्मभर तोच.

मी हसलो. दुकानदाराला कळलं नाही का हसलो. सांगाडा तोच ठेवायचा, आतलं बदलायचं. यासाठीच तर डाय तशी केली.

१ मार्च १९८७

धाकू डब्याला करवतीने खाच पाडतो. सरळ पाडतो, हात स्थिर आहे त्याचा. बटणांची दोन भोकं आता उपयोगाची नाहीत. तिथे लाल प्लास्टिकची टिकली बसवतो. सुमती म्हणाली डबा डोळे वटारतोय असं वाटतं. तिचं लक्ष भलतीकडेच.

६ सप्टेंबर १९८७

अटारीचा एक मोठा दोष सापडला. पुढे लाकडाची पट्टी दिसते ती खोटी आहे, वरून चिकटवलेली. आपण खरी लावायची. सागवानाची. सागवान कुठून आणायचं हा प्रश्न मला पडलाच नाही, कारण घराच्या मागेच आहे. होडी तीन वर्षं उन्हात पडून फाकली आहे तशीही.

२ ऑक्टोबर १९८७, दसरा

सकाळी मशीनची पूजा केली. मग होडीच्या फळ्या काढल्या. करवत धाकूच्याच हाती दिली, त्याला त्या लाकडाची जाण आहे. तो म्हणाला वरच्या घे, खालच्या राहू दे, खालच्या राहिल्या तर परत बांधता येईल. मी हो म्हटलं. संध्याकाळी हिशेब केला तर वरच्यांनी भागत नव्हतं. त्याने खालच्याही काढून दिल्या. एकदा माणसाने मनावर घेतलं की काम कसं होतं ते आज दिसलं.

मालन दिवसभर आत होती. बहुतेक डोकं दुखत असेल.

२० डिसेंबर १९८७

लाकडी पट्टीचा एकवीरा अतिशय देखणा दिसतो. डोंबिवलीत तीन दुकानांनी ठेवून घेतला.

१० जानेवारी १९८८

तिन्ही दुकानांतून निरोप. डबा तासभर चालला, गरम झाला, की वास मारतो. होडीला वर्षानुवर्षं माशाचं तेल चोपडलेलं, ते लाकडात मुरलेलं असतं हे लक्षात यायला हवं होतं. धाकूच्या. मला कोण सांगणार? फडके रोडच्या एका घरात म्हणे गेम खेळताना आजी उठून गॅलरीत गेली. शाकाहारी लोकांचं नाक फार नाजूक.

१४ फेब्रुवारी १९८८

पट्ट्या काढल्या. त्या आता परत होडीला लागणार नाहीत, बोटभर रुंदीच्या कापल्यात. धाकू त्या एका पोत्यात भरून घेऊन गेला. काय करणार त्यांचं, विचारलं नाही.

७ मे १९८९

धाकूच्या घरी आता मालन कमावते. पहाटे ठाण्याला जाते, मासळी विकत घेते, कोपरला आणून विकते. पूर्वी घरची मासळी विकायची, आता बाहेरची. व्यवसाय वाढवला तिने. माझं उदाहरण समोर असल्याचा परिणाम.

५ ऑगस्ट १९९०

जपानी मशीन बघितलं. आठ बिट. हे प्रकरण वेगळं आहे, मान्य करतो. अटारीला आठवण, म्हणजे मेमरी, अशी नाहीच, एक पोस्टकार्ड लिहिलं तरी मावणार नाही इतपत. यांनी आठवण वाढवली आणि चित्र काढायला वेगळी चिप ठेवली. एक चिप विचार करते, दुसरी चित्र काढते. म्हणून माणसाला माणसाचं तोंड आलंय, मागचं आकाश सरकतं, ढग येतात. रिमोट हातात धरायचा, अंगठ्याने बाण दाबायचे.

म्हणजे आमच्याकडे मी आणि धाकू तसंच. रचना तीच आहे. सहा महिन्यांत गाठतो.

२५ ऑगस्ट १९९१

पुनव. वर्ष गेलं कसं कळलं नाही. आठ बिटचा बोर्ड झालाय, पण डब्यात मावत नाही. चिपांची गर्दी झाली. खालचं झाकण लागत नाही, तर धाकूने जाळ्याच्या दोऱ्याने डबा आवळून बांधला. गाठ अशी मारली की मलाही सुटेना. त्या गाठीचं पेटंट घेता येईल का बघायला हवं.

होडीचं आता काही उरलं नाही. राहिलेलं लाकूड मालनने चुलीला घेतलं. सुमती म्हणाली, तुम्ही धाकूभावोजींना शब्द दिला होतात. दिला होता. ‘पुढच्या पुनवेला’ असा दिला होता, आणि पुढची पुनव अजून आलेली नाही.

१२ एप्रिल १९९२

बोर्ड चालतो. चित्र येतं. फक्त माणूस उलटा चालतो, डोक्यावर. तीन महिन्यांत सरळ करीन.

७ फेब्रुवारी १९९३

वेग वाढवायला हवा. बाजारात आठ बिटचे डबे टोपलीने यायला लागलेत. आजपासून नवीन पद्धत. दोघांनी आपापलं काम न थांबता करायचं. धाकू एक डबा काढत असतानाच मी पुढच्यासाठी हँडल ओढणार. मधला वेळ वाचतो.

१८ फेब्रुवारी १९९३

धाकूला जरा लागलं. उजव्या हाताची दोन बोटं, अंगठ्याशेजारची. डाय मिटताना हात आत राहिला. मी त्याला चित्राच्या चिपबद्दल सांगत होतो, तो ऐकत होता. ऐकताना हात बाहेर ठेवायला पाहिजे. दवाखान्यात नेलं. दोन्ही काढावी लागली.

डाय ठीक आहे. तपासून घेतली.

१९ फेब्रुवारी १९९३

दवाखान्यात गेलेलो. धाकू झोपलेला. मालन कॉटशी बसली होती. चिडेल, रडेल असं वाटलेलं. तिने एकच विचारलं, “भावोजी, हाक दिलेलीत का?”

होडीवर ही पद्धत आहे. दोर ओढायच्या आधी ओढणारा हाक देतो, म्हणजे दुसऱ्याला हात काढायला वेळ मिळतो. बापूस तर हाक न देता कोणी दोराला हात लावला तर जेवायला वाढू द्यायचा नाही. मी मालनला समजावलं की मशीन म्हणजे होडी नव्हे. मशीनचे नियम वेगळे. तिने मान खाली घातली. समजलं असावं.

घरी आल्यावर सुमतीने तेच विचारलं. या दोघी आधी बोलल्या असणार.

११ एप्रिल १९९३

धाकू कामावर परत आला. डाव्या हाताने दाणे टाकतो. हँडलजवळ गेलो की तो मागे सरकतो, भिंतीला टेकतो. त्यामुळे वेळ जातो. बोललो नाही. आजारी माणसाला सांभाळून घ्यावं लागतं.

काल त्याला दारात बसून जुनं जाळं विणताना बघितलं. सुई धरता येत नाही. परत परत पडत होती. मी म्हटलं, सोड रे, आता आपल्याला जाळ्याचं काय काम.

२७ मार्च १९९४

अद्भुत. डोंबिवलीच्या दुकानातून चिनी आठ बिटचा डबा आणून खोलला. आत काही नाही. हिरव्या पट्टीवर डांबराच्या थेंबासारखा एक काळा ठिपका. माझ्या बोर्डावरच्या सगळ्या चिपा त्या ठिपक्याखाली. उकरून बघितला तर तुटला.

इलेक्ट्रॉनिक्स लहान होत जाणार हे मी पंच्याऐशी सालीच टूलरूममध्ये सांगितलेलं. जग माझ्या म्हणण्यावर आलंय. आता आपल्या सांगाड्यात जागाच जागा.

फक्त तो चिनी डबा, रिमोट आणि कॅसेटसकट, माझ्या नुसत्या रिकाम्या डब्यापेक्षा स्वस्त आहे.

१० ऑगस्ट १९९५, नारळी पुनव

निर्णय: आठ बिट सोडलं. थेट सोळा. सेगा कंपनीचं मशीन बघितलं. रंग मोजता येत नाहीत, आवाजाला वेगळी चिप. पिढीच्या मागे पळायचंच नाही, पुढच्या पिढीच्या वाटेत जाऊन उभं राहायचं. हे मला आधी सुचायला हवं होतं.

सोळा बिटचा रिमोट धाकूला टेस्टिंगला दिला. त्याच्या हातातून निसटतो. रिमोटला मागून आधार त्याच दोन बोटांचा लागतो, हे माहीत नव्हतं. तो पुन्हा पुन्हा उचलून धरत राहिला. शेवटी मांडीवर ठेवून एका अंगठ्याने खेळला. पडद्यावरचा माणूस खड्ड्यात पडला. धाकू हसला. कितीतरी दिवसांनी हसला.

टेस्टिंगला दुसरा माणूस बघावा लागेल.

३ मार्च १९९६

धाकू गेला. बाळकुमला. मालनचं माहेर तिथलं. शेताच्या जागेवर नवीन बिल्डिंगी झाल्यात, एका कॉम्प्लेक्सला वॉचमन पाहिजे होता. मला आदल्या रात्री सांगितलं, तेही उभ्यानेच. मी म्हटलं, सोळा बिट आता टप्प्यात आहे, अशा वेळी सोडून जातोस? तो म्हणाला, “दादूस, मना पगार भेटंल.” एवढंच. पिशवी उचलून गेला.

तात्पुरतं आहे. त्याची खुर्ची आहे तिथेच ठेवलीय.

४ मार्च १९९६

एकट्याला मशीन चालवता येत नाही. हँडल ओढलं तर डबा कोण काढणार? बोर्डाच्या कामाला वेळ मिळेल, हे एक बरं झालं.

२२ सप्टेंबर १९९६

सुमती गणपतीत बाळकुमला जाऊन आली. मी बोर्डामुळे गेलो नाही. म्हणाली, एक खोली आहे, स्वच्छ आहे. धाकूभावोजी गप्प झालेत. मी म्हटलं तो आधीपासूनच कमी बोलतो. ती म्हणाली, आधी तुम्ही बोलायचात म्हणून तो कमी बोलायचा, आता कोणीच बोलत नसलं तरी बोलत नाही. बायकोला उत्तर देत बसलो तर बोर्ड कधी होणार?

८ फेब्रुवारी १९९८

सोळा बिट झालं. चित्र सरळ, रंग बरोबर, आवाजही आला. एकटाच होतो, टाळ्या वाजवल्या. सुमती शाळेतून आली तेव्हा दाखवलं. तिने चप्पल न काढता बघितलं आणि म्हणाली, हे बघायला तो इथे हवा होता.

२२ फेब्रुवारी १९९८

ठाण्याला गोखले रोडवर दुकानात नेऊन दाखवलं. काउंटरवरच्या माणसाने ऐकून घेतलं. मग समोरच्या टीव्हीकडे बोट केलं. प्लेस्टेशन. बत्तीस बिट. कॅसेटच नाही, सीडी फिरते. गाडी खरी वाटते, वळताना दुसऱ्या अंगाने दिसते. पूर्वी चित्र कागदावर कापून चिकटवल्यासारखं सपाट असायचं, आता त्याला जाडी आली. मशीन गणित करून दर क्षणाला वस्तू नव्याने घडवतं.

तो म्हणाला, सोळा बिटचे लोक आता परत करायला येतात, अंकल. अंकल म्हणाला.

१ मार्च १९९८

एक सीडी आणून डायमध्ये ठेवून बघितली. मावत नाही. पुढच्या निमुळत्या भागात तर नाहीच, मागच्या रुंद भागातही कड बाहेर येते. आडवी, उभी, तिरकी ठेवली. उभी बसते, पण उभी सीडी फिरेल कशी याचा विचार करायला हवा.

१९ जुलै १९९८

सीडी उभी फिरू शकते. तत्त्वतः काही अडचण नाही.

६ डिसेंबर १९९८

सुमती म्हणाली, डाय भंगारात द्या, पडवीत बसायला जागा होईल. मी जेवलो नाही. संध्याकाळी जेवलो.

१५ ऑगस्ट १९९९

नवी योजना पूर्ण. उभी सीडी, तोच सांगाडा, वर झाकण. ड्रॉइंग काढलं, अजून कुठे असं नसावं. फक्त दुसरा माणूस पाहिजे आणि माझ्या हाताशी बसेल असा धाकूशिवाय कोणी नाही. पुनवेला स्वतः जाऊन घेऊन येतो. इतकी वर्षं गेलो नाही कारण दाखवण्यासारखं काही हातात नव्हतं. आता आहे. तो मला नाही म्हणणार नाही.

सुमतीला सांगितलं.  ती म्हणाली, जा, पण ड्रॉइंग नेऊ नका. नुसतेच जा.

२६ ऑगस्ट १९९९, नारळी पुनव

बाळकुमला गेलो. ड्रॉइंग पिशवीत घेतलं. सुमतीने नारळीभाताचा डबा दिलेला.

कॉम्प्लेक्स मोठं आहे. लोखंडी गेट, चाकांवर सरकणारं. शेजारी केबिन. धाकू स्टुलावर बसलेला, अंगावर निळा युनिफॉर्म, टोपी. केस पांढरे झालेत. मला बघून उठला, गेटपाशी आला आणि म्हणाला, “कोणाकडे जायचंय, साहेब?”

इतकं साफ बोलला की मी मागे वळून बघितलं. मागे कोणी नव्हतं. मी म्हटलं, धाकू, अरे मी. तो म्हणाला, फ्लॅट नंबर सांगा, वर फोन लावतो. आवाजात राग नव्हता. राग असता तर मला बोलता आलं असतं, रागावलेल्या माणसाला समजावता येतं. मी म्हटलं तुझ्याकडे आलोय. तो म्हणाला, ड्यूटीवर असताना माझ्याकडे कोणी येत नाही.

ड्यूटी कडक दिसते. मग मी गजांमधूनच सांगायला सुरुवात केली. बत्तीस बिट, सीडी, चित्राला आलेली जाडी, उभी सीडी, सगळं. ड्रॉइंग गजांवर धरून दाखवलं. तो ऐकत होता. मान हलवत होता. मधेच एक गाडी आली, त्याने गेट सरकवलं, डाव्या हाताने सलाम केला. गाडीतल्या बाईने विचारलं हे कोण, काय विकायला आलेत? तो म्हणाला, जातायत.

गाडी आत गेली. मी सांगत होतो. डबा कायम ठेवता येईल, खुर्ची तुझी तिथेच आहे, मशीन पुसून ठेवलंय, येत्या पुनवेपर्यंत...  धाकू गेट लावायला आला. माझा हात खांबावर होता, गेट येऊन टेकतं तिथे. मी ड्रॉइंगकडे बघत होतो. गेट थांबलं. त्याने ते दोन्ही हातांनी धरून ठेवलेलं, आणि उजव्या हाताला त्याला जोर लावावा लागत होता.

“दादूस,” तो म्हणाला, “बोटां काढ.”

काढली. मग त्याने गेट ओढलं.